तीन अक्षरं आणि अख्खं पत्र

मराठीत पत्रं लिहिणाऱ्या पिढीला ‘स. न. वि. वि.’चा अर्थ विचारावा लागत नसे. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. वडीलधाऱ्यांसाठी ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार. शेवटी ‘क. लो. अ.’, म्हणजे कळावे, लोभ असावा. मधल्या मजकुरात ‘ति.’, ‘चि.’, ‘सौ.’ अशी माणसं यायची. पोस्टकार्डाची जागा मोजकी होती आणि या अक्षरांनी ती वाचवली. त्यासाठी एकच अट होती. वाचणाऱ्यालाही त्या अक्षरांचा अर्थ ठाऊक हवा.

मी लेख आणि अर्ज ज्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहितो, तिथेही संक्षेप आहेत. तीन अक्षरं टाइप करून स्पेस दिली की ती अक्षरं जातात आणि त्या जागी आठ ओळींचा मजकूर उभा राहतो. त्यात ‘प्रति’ असतं, कार्यालयाचा पत्ता असतो, विषय असतो, ‘महोदय’ असतं. वाचणाऱ्याला त्या तीन अक्षरांचा पत्ताही लागत नाही.

दोन्हींना आपण संक्षेपच म्हणतो, पण दोघांचा स्वभाव उलटा आहे. पहिल्यात छोटं रूप कागदावर राहतं आणि ते उलगडण्याचं काम वाचणाऱ्याच्या अंगावर पडतं. दुसऱ्यात छोटं रूप लिहिणाऱ्याच्या हाताशीच विरून जातं आणि वाचणाऱ्यापर्यंत पूर्ण मजकूर पोहोचतो. हा फरक तांत्रिक वाटतो. पण त्यामागे जुना प्रश्न आहे : लिहिण्यातले कष्ट कुणी सोसायचे, लिहिणाऱ्याने की वाचणाऱ्याने?

दफ्तरातल्या दोन दांड्या

पेशवेकालीन मोडी कागद पाहिला तर जागोजागी एक अक्षर आणि पुढे दोन उभ्या दांड्या दिसतात. ‘रा॥’ म्हणजे राजश्री. ‘कि॥’ म्हणजे किल्ले. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. कारकुनाला दिवसाकाठी ढीगभर कागद लिहावे लागत. ठरलेले शब्द पूर्ण लिहायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. कागद ज्याच्याकडे जायचा, तोही त्याच परंपरेतला होता.

त्यातलं ‘सु॥’ मला विशेष वाटतं. त्या दोन दांड्यांपुढे वर्ष आकड्यांत येत नाही, अरबी संख्याशब्दांत येतं. ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार. बेरीज ११७५. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे हे साल १७७४-७५ निघतं. अरबी न येणारा मराठी कारकून हे शब्द रोज लिहीत होता आणि त्याला त्यात काही परकं वाटत नव्हतं. ‘मजकूर’, ‘मायना’, ‘दफ्तर’, ‘चिटणीस’, ‘फडणीस’ हे शब्द त्याच वाटेने आले आणि इथलेच झाले. ‘मशारनिल्हे’ हा शब्दही तसाच. मूळ अरबी ‘मुशारुन इलैह’, म्हणजे ज्याचा वर उल्लेख आला आहे तो. एखाद्याचं नाव आणि हुद्दा पुन्हा पुन्हा लिहिण्याऐवजी हा एक शब्द टाकायचा. हाही संक्षेपच.

पण आज तोच कागद हातात आला तर? मोडी शाळेतून गेली, सुहूर सन व्यवहारातून गेला. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे, अक्षरंही दिसतात. मात्र ती उलगडून सांगायला जाणकार शोधावा लागतो. घरातल्या जुन्या सनदा किंवा जमिनीचे कागद घेऊन मोडी वाचकाच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. कागदावर राहिलेला संक्षेप ओळखीच्या वर्तुळात चालतो. वर्तुळ मोडलं की तो कुलूप होतो.

दमास्कसमधली एक सूचना

हा धोका हदीसच्या अभ्यासकांनी फार आधी ओळखला होता. इब्न सलाह हे तेराव्या शतकातले मोठे विद्वान. दमास्कसच्या दारुल हदीस अशरफियात ते शिकवत आणि १२४५ मध्ये त्यांचं निधन झालं. हदीसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ ‘मुकद्दिमा’ या नावाने ओळखला जातो. त्यात हदीस कशी लिहावी, यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

हदीस लिहिणारे संक्षेप वापरतच होते. ‘हद्दसना’, म्हणजे ‘आम्हाला सांगितलं’, हा शब्द कथनकर्त्यांच्या साखळीत प्रत्येक पायरीला येतो. म्हणून त्याची शेवटची दोन-तीन अक्षरंच लिहायची पद्धत पडली. एक साखळी सोडून दुसरी सुरू करताना ‘हे’ हे एकच अक्षर लिहीत. इब्न सलाह या खुणांची नोंद करतात आणि त्या रूढ असल्याचं सांगतात.

प्रेषितांच्या नावापुढे येणाऱ्या दरूदच्या बाबतीत मात्र त्यांची भूमिका वेगळी आहे. ते म्हणतात, हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा करू नका. दोन अक्षरांची खूण करून ते उरकू नका, आणि अर्धेही सोडू नका. म्हणजे एकाच प्रकरणात संक्षेपाला मुभाही आहे आणि मर्यादाही. साखळीतला ‘हद्दसना’ हा यंत्राच्या सुट्या भागासारखा आहे, तो जाणकारासाठी आहे, आखडला तरी चालतो. दरूद ही दुआ आहे. ती आखडली की उरते फक्त खूण.

त्याच शहरात शंभर वर्षांनी अल-मिज्जी यांनी संक्षेपाचा दुसरा धडा घालून दिला. त्यांचं निधन १३४१चं. हदीस सांगणाऱ्यांच्या चरित्रांचा प्रचंड कोश त्यांनी लिहिला. कोणत्या व्यक्तीचं कथन कोणत्या ग्रंथात आलं आहे, हे सांगायला त्यांनी एकेक अक्षर वापरलं. ‘खे’ म्हणजे बुखारी, ‘मीम’ म्हणजे मुस्लिम, ‘दाल’ म्हणजे अबू दाऊद. आणि ‘ऐन’ हे एक अक्षर आलं की सहाही प्रमुख ग्रंथ. या खुणांचा अर्थ त्यांनी प्रस्तावनेतच सांगून ठेवला. त्यामुळे सात शतकांनंतरही तो कोश उघडता येतो. किल्ली कुलपासोबतच ठेवली होती.

आपल्याकडचा ७८६ हा आकडा या सगळ्यांपेक्षा वेगळा. बिस्मिल्लाच्या अक्षरांची अबजद पद्धतीने बेरीज केली की हा आकडा मिळतो. दुकानाच्या पाटीवर, वहीच्या पहिल्या पानावर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर तो दिसतो. तो वापरणारे सांगतात की कागद पायदळी जाईल, रद्दीत जाईल, तेव्हा पवित्र शब्दांची अवहेलना नको. काही उलेमांना ही पद्धत मान्य नाही, तो वाद वेगळा. मुद्दा इतकाच की इथे संक्षेप आळसातून आलेला नाही, अदबीतून आला आहे. लिहिणाऱ्याला तो कागदावर उलगडायलाच नको आहे.

तारेतून गेलेला ईदचा आकडा

छोटं लिहावं आणि पोचावं मात्र पूर्ण, ही सोय संगणकाच्या आधी तार खात्याने देऊ केली होती. भारतात शुभेच्छांच्या तारांसाठी तयार वाक्यांची यादी असे. दिवाळी, ईद, नवं वर्ष, लग्न, परीक्षेतलं यश. प्रत्येक वाक्याला क्रमांक. पाठवणारा फक्त क्रमांक निवडायचा. तारेवरून आकडा जायचा. पलीकडच्या कार्यालयात यादी पाहून पूर्ण वाक्य लिहिलं जायचं आणि घरी पोचायचं ते ‘ईद मुबारक’, आकडा नव्हे.

इथे किल्ली वाचणाऱ्याच्या हातात नाही. ती दोन्ही टोकांच्या कार्यालयांत आहे. गावातल्या ज्या म्हातारीला यादीचा पत्ता नाही, तिलाही पूर्ण वाक्य मिळतं. जुलै २०१३ मध्ये भारतातली तारसेवा बंद झाली. तोवर तिचं तत्त्व संगणकात रुळून तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

बर्कलेचा संथ मोडेम

१९७६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले परिसरात बिल जॉय नावाचा पदव्युत्तर विद्यार्थी ‘एक्स’ नावाच्या एडिटरवर काम करत होता. त्याचं पडद्यावर दिसणारं रूप म्हणजे ‘व्हीआय’. तो घरून काम करायचा तेव्हा मोडेमचा वेग ३०० बॉड होता, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. पडदा पुन्हा रंगेपर्यंत माणूस पुढचा विचार करून मोकळा व्हायचा. म्हणून व्हीआयच्या आज्ञा एका-दोन अक्षरांच्या आहेत. काटकसर ही आवड नव्हती, गरज होती.

व्हीआयच्या सुरुवातीच्या वर्षांतच त्यात ‘अॅब्रिव्हिएट’ ही आज्ञा आली. आधी आज्ञा, मग छोटा शब्द, मग पूर्ण मजकूर, इतकीच तिची मांडणी. त्यानंतर लिहिताना तो छोटा शब्द स्वतंत्रपणे आला आणि पुढे स्पेस किंवा विरामचिन्ह पडलं की एडिटर त्या जागी पूर्ण मजकूर ठेवतो. तीच अक्षरं दुसऱ्या मोठ्या शब्दाच्या पोटात आली तर हात लावत नाही. एवढा विवेक त्याला सुरुवातीपासून आहे.

त्याच १९७६ मध्ये अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून ‘ईमॅक्स’ आकाराला येत होता. त्यातही शब्दसंक्षेपांची सोय झाली. एकमेकांशी फारसं न पटणाऱ्या या दोन एडिटरांच्या चाहत्यांना या एका बाबतीत भांडायला जागा नाही.

व्हीआयच्या धर्तीवर ब्रॅम मूलेनार या डच प्रोग्रॅमरने अमिगा संगणकासाठी ‘विम’ लिहिला आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुला केला. तो फुकट होता आणि आहे. बदल्यात युगांडातल्या मुलांसाठी जमेल तशी मदत करा, एवढी विनंती मूलेनार करत. २०२३च्या ऑगस्टमध्ये ते गेले. माझा मजकूर आजही त्यांच्याच एडिटरमध्ये उमटतो.

ओळ कुठे संपते?

एका ओळीचा संक्षेप सोपा आहे. पत्राचा मायना मात्र एका ओळीत बसत नाही. अनेक ओळींचा संक्षेप करायला गेलं की अडचण येते आणि तिची मुळं टेलिटाइपपर्यंत जातात.

व्हीआयचा पूर्वज म्हणजे केन थॉम्पसन यांचा ‘एड’. तो १९६९च्या सुमाराचा. त्या काळी पडदा नव्हता. सेकंदाला १० अक्षरं छापणारं टेलिटाइप यंत्र होतं. माणूस एका ओळीत आज्ञा लिहायचा आणि एंटर दाबायचा. एंटर म्हणजे ‘आज्ञा संपली, आता काम कर’. ही रीत एक्समध्ये आली, तिथून व्हीआयमध्ये आणि विममध्ये. आता आज्ञेच्या आतच नवी ओळ हवी असेल तर? एंटर दाबला की एडिटरला वाटतं, बोलणं संपलं. मजकूर पहिल्याच ओळीत तुटतो.

जुन्या व्हीआयने उपाय काढला. आधी कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबायचं, मग एंटर. कंट्रोल-व्हीचा अर्थ असा की पुढची कळ हुकूम समजू नकोस, नुसतं अक्षर समज. विममध्ये याहून वाचनीय रीत आहे. टोकदार कंसात ‘सीआर’ ही दोन इंग्रजी अक्षरं लिहायची. सीआर म्हणजे कॅरेज रिटर्न, टाइपरायटरची गाडी डावीकडे परत आणणं. गाडी गेली, टाइपरायटर गेला, नाव राहिलं. जिथे जिथे नवी ओळ हवी तिथे ही खूण पेरायची. सेटिंगच्या फाइलमध्ये संक्षेप एकाच लांबलचक ओळीत दिसतो, कागदावर तो आठ ओळींत उतरतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. एडिटर तो मजकूर जणू माणसाने टाइप केल्यासारखा घालतो. मागच्या ओळीइतकी जागा पुढच्या ओळीत आपोआप सोडण्याची सोय चालू असेल आणि आपण संक्षेपातही स्पेस दिल्या असतील, तर ओळी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकत जातात. अशा वेळी संक्षेपातल्या स्पेस काढायच्या किंवा ती सोय बंद ठेवायची. तारीखही मजकुरात कोरून ठेवायची गरज नाही. विम संक्षेपाच्या जागी एखादं छोटं गणित चालवू शकतो, त्यामुळे त्या त्या दिवसाची तारीख आपोआप येते.

पुढच्या एडिटरांनी हे काम आणखी सोपं केलं. २००४ मध्ये मॅकसाठी आलेल्या ‘टेक्स्टमेट’ने ‘स्निपेट’ लोकप्रिय केले. त्यात साचा येतो आणि टॅब दाबत नाव, विषय, रक्कम अशा रिकाम्या जागांवर जाता येतं. ‘व्हीएस कोड’मध्येही तेच आहे. पण तिथल्या सेटिंग फाइलच्या नियमानुसार अवतरणचिन्हांच्या आत ओळ तोडता येत नाही. म्हणून प्रत्येक ओळ वेगळ्या अवतरणात घालून मध्ये स्वल्पविराम द्यावे लागतात. टेलिटाइप जाऊन जमाना झाला, तरी ‘ओळ कुठे संपते’ हा प्रश्न वेश बदलून हजर आहे.

एका खुणेत मावलेला दरूद

इब्न सलाहांची सूचना एडिटरच्या संदर्भात वाचली की गंमत वाटते. हात दोन अक्षरं लिहितो आणि पानावर दरूद पूर्ण उमटतो. त्यांनी ज्याला हरकत घेतली ते पानावर उरतच नाही.

युनिकोडने मात्र मधलाच मार्ग काढला. जगभरच्या लिपींना क्रमांक देणाऱ्या या प्रमाणकात १९९३ पासून दरूदसाठी एकच खूण आहे. दिसायला ती छोटं सुलेखन, मोजायला एक अक्षर. पण शोध आणि तुलना सोपी व्हावी म्हणून मजकूर एका साच्यात आणण्याचे युनिकोडचे नियम आहेत. त्यातल्या एका नियमानुसार ही एक खूण उलगडली की स्पेस धरून १८ अक्षरं होतात. साठवणुकीच्या हिशेबात ३ बाइटचे ३३ बाइट. युनिकोडमध्ये इतकं उलगडणारं दुसरं अक्षर नाही, म्हणून प्रोग्रॅमर आपलं सॉफ्टवेअर तपासताना हीच खूण मुद्दाम घालून बघतात.

२००३ मध्ये बिस्मिल्लासाठीही एक खूण आली. ती लांबरुंद आहे, सुंदर आहे, पण तिला उलगडण्याचा नियमच दिलेला नाही. युनिकोडच्या लेखी ते चिन्ह आहे, शब्दांचा समूह नाही. त्या खुणेने सुरू होणाऱ्या मजकुरात कुणी ‘रहमान’ हा शब्द शोधला तर यंत्राला त्या खुणेत तो सापडणार नाही. डोळ्याला दिसतो, यंत्राला दिसत नाही. एक संक्षेप किल्लीसह आला, दुसरा किल्लीशिवाय. दमास्कस आणि मोडी दफ्तर यांच्यातलंच हे अंतर आहे.

पूर्ण काय लिहायचं

मोहल्ल्यातल्या लोकांसाठी मी अर्ज लिहून देतो. माहिती अधिकाराचा अर्ज सर्वांत जास्त वेळा. २००५चा कायदा, कलम ६(१), जन माहिती अधिकारी, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. हे सगळं ठरलेलं आहे. ते एका संक्षेपात ठेवलं आहे. इथे पूर्ण मजकूर हा अर्जदाराचा हक्क आहे. कलमाचा आकडा गाळला गेला किंवा मुदतीचा उल्लेख राहिला तर त्रास माझ्या हाताला नाही, रांगेत उभ्या असलेल्या माणसाला होतो. जे प्रत्येकाला सारखं आणि बिनचूक मिळायला हवं, ते यंत्राकडे सोपवण्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण यंत्राने एक नवा पेच उभा केला आहे. पूर्ण लिहायला आता काहीच पडत नाही. कारकुनाच्या काळी पूर्ण लिहिलेला मायना हा मानाचा पुरावा होता, कारण त्यात वेळ गेलेला असे. आज तीन अक्षरांत अख्खा शोकसंदेश येतो. कुणाच्या घरी मृत्यू झाला की ग्रुपवर एकच सुबक चित्र चाळीस जणांकडून येतं. शब्द पूर्ण असतात, चुकाही नसतात. इब्न सलाहांनी लेखकाला सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा करू नका. त्यांना पान भरायचं होतं, तसं लिहिणाऱ्याचं मनही त्या शब्दांपाशी थांबायला हवं होतं. पान एडिटर भरतो. मनाचं काम त्याच्याकडे देता येत नाही.

म्हणून मी एक वाटणी केली आहे. पत्ते, कलमं, मायने, तारखा, ग्रंथांची नावं संक्षेपात. सांत्वनाचं पत्र, आभाराची ओळ, माफीचे शब्द हाताने, एकेक अक्षर. दरूदचा संक्षेप मी ठेवला आहे, कारण वाचणाऱ्याला तो पूर्ण मिळायला हवा. मात्र तो उमटला की थांबून वाचतो, मगच पुढे जातो. इतरांनी असंच करावं असा आग्रह नाही. पण कुठला मजकूर वाचणाऱ्याच्या हक्काचा आणि कुठला आपल्या जबाबदारीचा, हे प्रत्येकाने आपापल्या फाइलपुरतं तरी ठरवायला हवं.

फाइलीवरून एक शेवटची गोष्ट. वाचणाऱ्याला किल्ली लागत नाही हे खरं, पण माझ्यानंतर ही फाइल कुणी वापरणार असेल तर त्याला लागेल. म्हणून प्रत्येक संक्षेपाच्या वरच्या ओळीत तो कशासाठी आहे, कुठल्या कार्यालयाला चालतो, हे साध्या मराठीत लिहून ठेवतो. विममध्ये ही टीप स्वतंत्र ओळीवरच लिहावी लागते. संक्षेपाच्याच ओळीवर लिहिली तर तीही अर्जात उमटते. अल-मिज्जींच्या प्रस्तावनेहून या टिपांचं काम वेगळं नाही. मोहल्ल्यातला एक मुलगा आता हे अर्ज लिहायला शिकतो आहे. त्याला मी अर्जाच्या आधी त्या टिपा वाचायला दिल्या.